आधी आंबट, मग मसाला

पोर्क घरी करायचं ठरलं, की पहिला प्रश्न बहुधा मसाल्याचा येतो. कोणता घालू, किती घालू, विकतचा चालेल का. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की घरात आंबट काय आहे? आमसुलं आहेत, माडीचं व्हिनेगर आहे, चिंच आहे, की परसातल्या झाडाला बिमलं लागली आहेत? त्याचं उत्तर मिळालं, की निम्मा बेत तिथेच ठरतो. वसईपासून गोव्यापर्यंत आणि पुढे मंगळूर-कोडगूपर्यंत, जिथे जिथे पोर्क पिढ्यान् पिढ्या शिजतंय, तिथे त्याच्या जोडीला एक ठरलेलं आंबट आहे. मसाल्याचं प्रमाण घरागणिक बदलतं, आंबट सहसा बदलत नाही.

याचं कारण चरबीत आहे. डुकराची चरबी साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे तोंडात गेल्यावरही ती मऊच राहते. बोकडाची चरबी ताटात जरा गार झाली की टाळूला चिकटते, पोर्कची तशी चिकटत नाही. खाणाऱ्याला आवडतं ते हेच. पण पहिल्या चार घासांनंतर हाच मऊपणा जड वाटायला लागतो, जिभेवर तेलाचा थर बसतो आणि मसाल्याची चव त्याखाली दबते. आंबटामुळे तोंडाला पाणी सुटतं, तो थर हलतो आणि पाचवा घास पहिल्यासारखा लागतो. शिवाय आम्लामुळे मांसातले चिवट धागे लवकर सैल पडतात. ज्या काळात शीतकपाट नव्हतं, त्या काळात तर मांस टिकायचं तेही याच आंबटाच्या जोरावर.

हे सगळं पोर्तुगीजांनी शिकवलं, असं सरसकट मानलं जातं. ते अर्धंच खरं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, सोलापूर-धाराशिवच्या सीमेपासून फार लांब नाही. या ग्रंथातल्या अन्नभोगाच्या भागात डुकराचं मांस कसं साफ करावं, केस कसे काढावेत, ते विस्तवावर कसं भाजावं याची तपशीलवार रीत दिली आहे, आणि भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या मसाला घातलेल्या दह्यात सोडण्याचाही उल्लेख आहे. दह्याचं आंबट! म्हणजे दख्खनच्या राजवाड्यात पोर्क आणि आंबट यांची गाठ पोर्तुगीज येण्याच्या जवळजवळ ४०० वर्षं आधीच पडलेली होती. सामान्य घरांतल्या चुलीवर तेव्हा काय शिजत होतं याची नोंद कोणा राजाने केली नाही, पण डुक्कर पाळणाऱ्या आणि खाणाऱ्या जाती महाराष्ट्रात तेव्हाही होत्या आणि आजही आहेत. पोर्क म्हणजे परक्यांचं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

आता बाजाराकडे वळू. घरच्या जेवणासाठी मांस कोणत्या भागाचं घ्यायचं यावर पदार्थाचं यश मसाल्यापेक्षा जास्त अवलंबून असतं. माझा आग्रह खांद्याच्या मांसाचा. खांदा सतत काम करणारा भाग, म्हणून त्यात चिवट धागे भरपूर आणि त्यांच्या मधून चरबीच्या रेषा. हे धागे म्हणजे कोलॅजन. ७० अंशांच्या पुढे सावकाश तापत राहिलं की त्यांचं जिलेटिन होतं, रस्सा आपोआप दाट होतो आणि मांस बोटाने तुटेल इतकं मऊ होतं. पाठीकडचं बिनचरबीचं मांस दिसायला देखणं, दरही जास्त, पण त्यात हे धागेच नाहीत. तासभर रश्शात उकळलं की ते लाकडासारखं कोरडं होतं. ‘चरबी नको हं’ असं खाटकाला बजावून सांगणारे लोक घरी येऊन पोर्क वातड झालं म्हणतात, त्यात दोष त्या सूचनेचा असतो. पोटाचं, सालीसकट, थरांचं मांस आमसुलाच्या पदार्थाला उत्तम. मांडीचं मांस सबंध तुकडा भाजायला बरं. खिम्यासाठी खांदाच सांगावा.

चांगलं मांस गुलाबी असतं, राखाडी नाही, आणि चरबी पांढरी, घट्ट. वास जवळजवळ नसावा. सालीवर केसांची खुंटं राहिली असतील तर तुकडा चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर फिरवावा आणि सुरीच्या उलट्या धारेने खरवडावा. तुकडे दीड इंचापेक्षा लहान करू नयेत, शिजताना ते आक्रसतात.

पोर्कबद्दलची भीती बरीच जुनी आहे, आणि तिच्याबद्दल नीट बोललं पाहिजे. डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी ही खरी गोष्ट आहे. त्याच्या अळ्यांच्या गाठी मांसात असल्या आणि मांस कच्चं राहिलं, तर खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. उपाय सोपा आहे, पूर्ण शिजवणं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमाप्रमाणे सबंध तुकड्याच्या मध्यभागी ६३ अंश तापमान येऊन नंतर ३ मिनिटं विसावा मिळाला, किंवा खिमा ७१ अंशांपर्यंत तापला, की मांस सुरक्षित. या प्रकरणातले रश्शाचे पदार्थ तासभर उकळतात, त्यामुळे ती हद्द ते केव्हाच ओलांडतात. मेंदूत गाठी होऊन फिट्स येण्याचा जो आजार लोकांना माहीत असतो, त्याची वाट मात्र वेगळी आहे. तो मांसातल्या गाठींमुळे होत नाही. कृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी माती, पाणी, न धुतलेले हात किंवा कच्ची भाजी यांतून पोटात गेली की तो होतो. म्हणून पोर्क कधीही न खाणाऱ्यालाही तो होऊ शकतो. पोर्क नीट शिजवा, आणि त्याच्या शेजारी जी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर ठेवणार आहात तीही तितक्याच काळजीने धुवा. कच्च्या मांसाची फळी आणि सुरी वेगळी ठेवा. ईशान्य भारतात २०२० साली आलेल्या डुकरांच्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरमुळेही लोक घाबरले होते. तो विषाणू डुकरांचे कळप उद्ध्वस्त करतो आणि पाळणाऱ्यांचं कंबरडं मोडतो, पण माणसाला तो होत नाही.

पहिल्यांदाच पोर्क करणाऱ्याने सुरुवात आमसुलाने करावी. गोव्यात या पदार्थाला सोलांतुले म्हणतात. विंदालूची कीर्ती याच्या वाट्याला आली नाही, हॉटेलच्या कार्डावरही तो क्वचित दिसतो, पण बुधवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर करता येईल असा हाच. वाटण नाही, रात्रभर मुरवणं नाही, फोडणीसुद्धा नाही.

चार-पाच माणसांना पाऊण किलो पोटाचं मांस पुरे. थर दिसतील असे मोठे तुकडे करा आणि जाड बुडाच्या स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात घाला. अॅल्युमिनियमचं भांडं नको, आम्लाने ते झिजतं आणि रश्शाला धातूची चव येते. दोन मध्यम कांदे जाड उभे चिरून, लसणाच्या १०-१२ पाकळ्या ठेचून, इंचभर आलं बारीक करून, चार-पाच हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, अर्धा चमचा हळद आणि चमचाभर तिखट, हे सगळं मांसालाच हाताने चोळा. आठ-दहा मिरी दाणे भरडून टाका. भांडं मंद आचेवर ठेवून झाकण घाला. पाणी लगेच ओतू नका. १० मिनिटांत मांसाला स्वतःचं पाणी सुटतं आणि चरबी पाझरायला लागते, त्यातच कांदा मऊ होतो. मग कपभर गरम पाणी. अर्ध्या-पाऊण तासाने मांस निम्मं शिजलं, की आठ आमसुलं धुऊन टाका.

आमसुलं उशिरा टाकायची याला कारण आहे. आम्लात कांदा आणि बटाटा लवकर मऊ होत नाहीत, त्यांच्या पेशी बांधून ठेवणारं पेक्टिन घट्ट राहतं. आधी कांदा विरघळू द्यायचा, मग आंबट. मिठाचंही तसंच. आपल्याकडची आमसुलं बहुधा मीठ लावून वाळवलेली असतात, म्हणून मीठ शेवटी, रस्सा चाखून. आणखी अर्धा तास गेला, की रस्सा गडद लालसर-जांभळट होतो, चरबीचा थर काचेसारखा पारदर्शक दिसतो आणि सुरीचं टोक सालीत अडथळ्याशिवाय जातं. आंबट जास्त वाटलं तर सुपारीएवढा गूळ. सोबत उकड्या तांदळाचा भात. हा पदार्थ खाताना मांस आणि आमसूल यांच्यामध्ये मसाला उभा राहत नाही, म्हणून मला तो इतका प्रिय आहे. चांगल्या मांसाची चव काय असते ते इथे कळतं.

पावसाळ्याच्या तोंडावर बिमलं मिळाली, तर आमसुलाच्या जागी तीच घालावीत. सहा-सात फळं उभी दोन फाका करून, शेवटच्या १५ मिनिटांत. हाडांसकट मांस घेतलं तर बिमलाचा तुरट-आंबट रस मज्जेच्या गोडीशी फार छान जमतो. गोव्यात हाडांच्या या पदार्थाला आड-मास म्हणतात, आणि मुलं हाडं चोखत बसतात म्हणून जेवण लांबतं.

विंदालूचं मूळ पोर्तुगालचं. मांस वाइन आणि लसणात मुरवून ठेवण्याची रीत तिकडे जुनी, आणि मादेरा बेटावर त्या जातीचा पदार्थ आजही नाताळात करतात. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हातात गेला. इथे द्राक्षाची वाइन कुठली? पण माड होते, रेंदेर सकाळ-संध्याकाळ माडावर चढून सूर, म्हणजे माडी, उतरवत होते, आणि सूर ठेवली की ती आंबून तिचं व्हिनेगर होतंच. यीस्टमुळे साखरेची दारू, आणि मग हवेतल्या जिवाणूंमुळे दारूचं अॅसेटिक आम्ल. याच पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेची मिरची इथे आली. माडाचं व्हिनेगर, लाल मिरची आणि त्याच्या कितीतरी आधीपासून इथे असलेली मिरी, दालचिनी, लवंग, जिरं यांनी मूळ पदार्थ इतका बदलला, की त्याला आता पोर्तुगीज म्हणणं अवघड आहे. ब्रिटनमधल्या भारतीय रेस्तराँनी त्यालाच पुढे तिखटाची पैज बनवून टाकलं आणि त्यात बटाटाही घातला. गोव्याच्या विंदालूत बटाटा नसतो, आणि हा पदार्थ जाळ काढणारा तिखटही नसतो. मिरची तिथे रंगासाठी असते, चव व्हिनेगर आणि लसणाची.

शुक्रवारी रात्री मुरवून शनिवारी शिजवावं आणि रविवारी खावं, असा हा पदार्थ. १ किलो खांद्याच्या मांसाला आठ-दहा बेडगी मिरच्या बिया काढून घ्या. काश्मिरीही चालतात. त्या पाऊण वाटी माडाच्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवा. मग त्याच व्हिनेगरमध्ये लसणाच्या १५ पाकळ्या, इंचभर आलं, चमचाभर जिरं, १० मिरी, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि पाव चमचा हळद घालून गंधासारखं बारीक वाटा. पाणी घालायचं नाही, वाटण फिरेना तर आणखी व्हिनेगर. मांसाला मीठ आणि हे वाटण चोळून काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात रात्रभर शीतकपाटात ठेवा. मुरवण मांसाच्या आत फार खोल जात नाही, जेमतेम काही मिलिमीटर जातं. तरी बाहेरच्या थरात जी चव बसते ती शिजताना रश्शात उतरते, तेवढ्यासाठी रात्रभर थांबावं.

दुसऱ्या दिवशी दोन-तीन कांदे बारीक चिरून अगदी थोड्या तेलात तांबूस करा. हा टप्पा गडबडीत उरकू नये, कारण व्हिनेगर पडलं की कांदा पुढे विरघळणार नाही. मग मांस मुरवणासकट घालून मोठ्या आचेवर परता. आधी व्हिनेगरचा वास डोळ्यांत जातो, मग तो उडतो आणि लसूण-मिरचीचा वास पुढे येतो. तेव्हा वाटीभर पाणी, झाकण आणि मंद आच. तास ते सव्वा तास लागतो. शेवटी चमचाभर साखर किंवा गूळ. घाई असेल तर कुकर आहेच. शिटी झाल्यावर आच अगदी बारीक करून १५ मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. आत साधारण १२० अंश असतात, त्यामुळे कोलॅजन लवकर सुटतं. पण कुकरमध्ये पाणी आटत नाही, म्हणून सुरुवातीला पाणी निम्मंच घाला आणि झाकण उघडल्यावर रस्सा चरबी वर येईपर्यंत आटवा.

माडाचं व्हिनेगर गोव्याबाहेर सहज मिळत नाही. दुकानातल्या स्वस्त बाटलीवर ‘सिंथेटिक’ असं छापलेलं असेल, तर ते अॅसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेलं आहे. त्याने आंबट येतं, चव येत नाही. नाइलाजाने वापरलंच तर मात्रा निम्मी करा, बाकी निम्मी पाण्याने भरून काढा आणि गूळ थोडा वाढवा. त्यापेक्षा उसाचं किंवा सफरचंदाचं आंबवलेलं व्हिनेगर बरं. मात्र गोव्याला कोणी जाणार असेल, तर काजूच्या आधी एक बाटली व्हिनेगर सांगून ठेवावं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते सहज मिळतं.

सोरपोतेल या प्रकरणात मुद्दाम घेतलेलं नाही. हृदय, यकृत आणि मांस आधी उकडायचं, मग पावट्याएवढे तुकडे चिरायचे, ते तळायचे, मसाल्यात शिजवायचे आणि रोज ऊन करत तीन दिवसांनी खायचे. नाताळात आणि लग्नात चार हात मदतीला असतात तेव्हा ते करावं.

वसईकडचं पोर्क वेगळं. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या २०० वर्षांत उत्तर कोकणातले जे शेतकरी, कोळी, आगरी ख्रिस्ती झाले, त्यांच्या घरात मराठी बोली राहिली आणि मसाल्याची कुटणीही राहिली. मुंबई-ठाणे-वसईच्या या समाजातल्या मंडळींनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घ्यायचं ठरवलं. त्यांची ओळख म्हणजे बॉटल मसाला. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या आणि वीसहून अधिक जिन्नस वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि गडद काचेच्या बाटल्यांत दाबून भरायचे. वर्षभर उजेड आणि दमट हवा लागू द्यायची नाही. हा मसाला हाताशी असेल, तर रोजच्या पोर्कला आणखी काही लागत नाही.

त्याची कृती सांगायलाही फार शब्द लागत नाहीत. कांदा तांबूस करायचा, आलं-लसूण परतायचं, मांस घालून त्याला पाणी सुटेपर्यंत परतायचं. मग अर्ध्या किलोला दोन मोठे चमचे बॉटल मसाला, मीठ, गरम पाणी. मांस मऊ झालं की बटाट्याच्या मोठ्या फोडी, आणि बटाटा शिजल्यावरच चिंचेचा कोळ किंवा दोन चमचे व्हिनेगर. क्रम उलटा केला तर बटाटा कडक राहतो, हे आता वेगळं सांगायला नको. तांदळाची हातभाकरी किंवा फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, सोबतीला असले तर ताटात आणखी काही नको. याच समाजात विंदालूचा भाऊबंद शोभेल असं इंद्याल करतात, तेही व्हिनेगरचंच, मात्र ते सणाकडे झुकणारं.

दक्षिणेकडे मंगळूरच्या कोकणी ख्रिस्ती घरांत बाफात पूड असते. सुक्या मिरच्या, धणे, जिरं, मिरी, हळद, लवंग, दालचिनी. तिच्यात पोर्क शिजवून चिंच किंवा व्हिनेगर घालतात आणि वाफवलेल्या सान्नांबरोबर खातात. आणखी पुढे कोडगूत पंदी करी. तिथलं आंबट म्हणजे काचंपुळी. आमसुलाच्याच कुळातल्या एका फळाचा रस आटवून आटवून काळा, काकवीसारखा दाट केलेला असतो. धणे, जिरं, मोहरी आणि भरपूर मिरी काळपट होईपर्यंत भाजून पूड करतात, मांस शिजल्यावर ती घालतात आणि अगदी शेवटी चमचाभर काचंपुळी. ती मिळाली नाही तर आठ-दहा आमसुलं गरम पाण्यात भिजवून पिळावीत आणि तो रस निम्मा आटवून घ्यावा. रंग तितका काळा येत नाही, चव बरीच जवळ जाते.

आता चोरीस. गोव्याची लाल सॉसेजं, मण्यांच्या माळेसारखी दोऱ्यात ओवलेली. मांस आणि चरबी मीठ, मिरची, लसूण, मसाले, व्हिनेगर घालून मुरवायची, आतड्यात भरायची आणि उन्हात व धुरावर सुकवायची. पावसाळ्यात मासेमारी बंद, बाजार ओस, म्हणून मे महिन्यात गोव्यातली घरं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, भरतात. सुकी मासळी, मिरच्या, कोकम, चिंच, कांद्यांच्या माळा आणि चोरीस. मडगावला त्यासाठी पुरुमेंताची फेस्तच भरते. म्हणजे ज्या आंबटाबद्दल एवढं बोललो ते या सॉसेजमध्ये आधीच भरलेलं आहे, मसालाही आहे, मीठही आहे. कुटुंबाच्या जेवणाची इतकी तयार शिदोरी दुसरी नाही.

मात्र ती कच्ची असते, हे विसरू नये. वरचं आवरण काढून आतलं मिश्रण मोकळं करावं, गरम कढईत तेल न घालता टाकावं. लाल चरबी सुटली की त्यात भरपूर कांदा, आणि कांदा मऊ झाला की थोडं पाणी घालून १५ मिनिटं झाकण. मीठ घालायचा हात आवरा. हे पोईत किंवा साध्या पावात भरलं की मुलांचं जेवण झालं. त्याच कांदा-चोरीसमध्ये धुतलेला तांदूळ आणि दुप्पट गरम पाणी घातलं की पुलाव. तांदूळ त्या लाल चरबीत दोन मिनिटं परतला तर दाणा दाणा मोकळा राहतो. फेजवाद करायचा तर पांढरा राजमा किंवा चवळी रात्री भिजवून, वेगळी, पूर्ण मऊ शिजवून घ्या आणि मगच चोरीसमध्ये मिसळा. सॉसेजमध्ये व्हिनेगर आहे, त्यात कच्चा राजमा टाकला तर दोन तास उकळूनही तो दाताला कचकच लागेल. चार माणसांना २०० ग्रॅम चोरीस आणि दीड वाटी कोरडा राजमा पुरतो. थोड्या मांसात मोठं भांडं भरतं, म्हणून पाहुणे ऐनवेळी वाढले तर हाच पदार्थ धावून येतो.

घरात लहान मुलं किंवा तिखट न खाणारी माणसं असतील, तर गोव्याचं रोस्ट करून पाहावं. मांडीचा १ किलोचा सबंध तुकडा, ठेचलेला लसूण, भरड मिरी, मीठ, दोन चमचे व्हिनेगर आणि एका लिंबाचा रस, दोन तास मुरवण. तेलात चारी बाजूंनी तांबूस करून, दालचिनी-लवंग आणि दीड कप पाणी घालून झाकण ठेवायचं. दीड तासात ते शिजतं, मध्ये दोनदा उलटायचं. लगेच कापू नये. १५ मिनिटं थांबलं तर रस ताटलीत वाहून न जाता मांसातच राहतो. पातळ चकत्या कापून आटवलेला रस वर घालावा. उरलेल्या चकत्या सकाळी डब्यातल्या पावात जातात.

यातलं कोणतंही पोर्क रात्रभर शीतकपाटात राहिलं, तर सकाळी वर चरबीचा घट्ट थर आलेला दिसेल. तो चमच्याने सहज निघतो. ज्यांना जड वाटतं त्यांनी तो काढूनच मांस ऊन करावं, चव कमी होत नाही. काढलेली चरबी फेकू नका. मसाल्याचा रंग आणि वास उतरलेली ती चरबी बरणीत भरून शीतकपाटात आठवडाभर राहते. उकडलेले बटाटे, कोबी किंवा शिळा भात तिच्यात परतून पाहा. विंदालू आणि सोलांतुले दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेले लागतात, तिसऱ्या दिवशी आणखी चांगले. फक्त सगळं भांडं पुन्हा पुन्हा ऊन करण्यापेक्षा लागेल तेवढंच बाहेर काढावं आणि खळखळून उकळी येईपर्यंत तापवावं.